नाशिकच्या दहीपुलाजवळचं रद्दीचं दुकान : वाडा बांधायचं सामान, किलोवर

आधीच सांगतो, हा रद्दीच्या दुकानाचा रिव्ह्यू आहे. हसायचं तर आत्ताच हसून घ्या. लोकं मिसळीचे रिव्ह्यू लिहितात, सलूनचे लिहितात, पण गेल्या दीड वर्षात मी ज्या दुकानात सगळ्यात जास्त वेळा गेलोय ते हे आहे आणि त्याला धड नावसुद्धा नाही. पत्र्यावर लाल रंगात "रद्दी योग्य भावात घेतली जाईल" एवढंच लिहिलंय, त्यातलं "योग्य" पावसाने निम्मं धुऊन नेलंय. दहीपुलाच्या आसपास भांडी बाजाराच्या बाजूला कुणालाही विचारा, रद्दीवाले काका कुठे, दाखवतात.

मी एमआर आहे, औषध कंपनीचा प्रतिनिधी, म्हणजे दवाखान्याबाहेर काळी बॅग मांडीवर घेऊन बसलेला जो माणूस तुम्ही बघता तो. सोळा वर्षांत चार कंपन्या केल्या. कंपनी जॉइन केली की पहिल्या आठवड्यात पाचशे व्हिजिटिंग कार्डं हातात पडतात आणि ती संपायच्या आत एक तर मी कंपनी बदलतो नाहीतर कंपनी लोगो बदलते. लॉकडाऊननंतर तर कार्ड कुणी घेतच नाही, "नंबर व्हॉट्सॅप करून ठेवा" म्हणतात. तर कपाटाच्या खालच्या खणात अकराशे कार्डं साठली होती, सगळ्यांवर माझंच नाव, चार वेगवेगळे हुद्दे, त्यातले दोन तर आता त्या कंपनीतही नसतील. बायको म्हणाली एक तर ही फेका नाहीतर यांचं काहीतरी करा. मी काहीतरी केलं, आता तिला वाटतं फेकली असती तर बरं झालं असतं.

सुरुवात दवाखान्याच्या वेटिंगमध्येच झाली. डॉक्टर साडेआठला आत बोलावणार असतात आणि आपण सातपासून बसलेलो असतो, मोबाईल किती बघणार. सहा कार्डांचा ठोकळा होतो, गोंद लागत नाही. आपलं कार्ड साडेतीन बाय दोन इंचाचं, दोन्ही टोकं पाऊण पाऊण इंच दुमडली की मध्ये बरोबर दोन इंचाचा चौकोन उरतो, असे सहा चौकोन पाकळ्या बाहेर ठेवून एकमेकांत अडकवायचे. पहिल्यांदा पाच बसतात आणि सहावं लावताना सगळं सुटतं, हे तीनदा होणार, मग एकदा हाताला कळलं की कळलं. त्या बाहेरच्या पाकळ्यांत वरून आणखी एक एक कार्ड सरकवलं की ठोकळा गुळगुळीत दिसतो, आणि पाकळ्यांनीच दोन ठोकळे एकमेकांना जोडता येतात. अमेरिकेतल्या जीनीन मोझली यांनी असेच ठोकळे जोडत जोडत ६६,०४८ कार्डांचा एक भोकाभोकांचा प्रचंड ठोकळा उभा केला, मेंगर स्पंज म्हणतात त्याला, गणितातली चीज आहे, २००५ मध्ये पूर्ण झाला. मी त्याचा सगळ्यात धाकटा भाऊ केला, वीस ठोकळ्यांचा, १२० कार्डं आतली आणि ७२ वरची, म्हणजे १९२. आठ दिवस लागले, सहा डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये मिळून. सातव्या डॉक्टरांकडे, बालरोगतज्ज्ञ ते, एक पोरगं त्याच्यावर बसलं. रडलं पण तेच, मी नाही.

तर ठोकळे झाले, मग घर करावंसं वाटलं. आणि इथे मी मूर्खपणा केला, ऑनलाइन एक किट मागवलं. नाव घेत नाही. साडेचौदाशे रुपये, लेझर कट लाकडी तुकडे, चित्रात छान दिवे लावलेलं कॉटेज. उतरतं टोकदार छप्पर, धुराडं, खिडकीत फुलांच्या कुंड्या. जोडून झालं तेव्हा आईने विचारलं, हे कुणाचं घर? मला उत्तर देता येईना. वर दोन तुकडे कमी निघाले, त्यांना मेल केला तर "तुमचा अनुभव आमच्यासाठी मोलाचा आहे" असं उत्तर आलं, तुकडे आले नाहीत. ते धुराड्याचं घर अजून टीव्हीवर आहे, एका बाजूला भिंत नसलेलं.

त्या कमी पडलेल्या भिंतीसाठी पुठ्ठा शोधत मी पहिल्यांदा काकांकडे गेलो. खिशातून किटचा तुकडा काढून दाखवला, म्हटलं एवढ्या जाडीचं काही आहे का. काकांनी तुकडा बघितलाच नाही, आधी मला बघितलं, मग बॅग बघितली आणि म्हणाले, "डॉक्टर, किती किलो?" तेव्हापासून मी डॉक्टर आहे. दोनदा सांगून बघितलं की मी डॉक्टर नाही, औषधं विकतो. "तेच ते," म्हणाले. सोडून दिलं.

दुकान म्हणजे दहा बाय पंधराची खोली, समोर इलेक्ट्रॉनिक काटा, मागे छतापर्यंत गठ्ठे, मध्ये एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी वाट. डावीकडे वर्तमानपत्र, त्यामागे पुस्तकं, उजवीकडे खोकी मोडून सुतळीने बांधलेली, आणि सगळ्यात आत, जिथे ट्यूबलाइट फडफडते, तिथे खरा माल. प्रेसची कतरण आणि फुकट गेलेली छपाई. शहरातल्या छोट्या प्रेसमधून पोत्यांनी येते. रंग हललेली लग्नपत्रिका, स्पेलिंग चुकलेली व्हिजिटिंग कार्डं, कोऱ्या आर्ट कार्डाच्या पट्ट्या, कॅलेंडरचे जाड मागचे पुठ्ठे. हॉबीच्या दुकानात जे मिळतं ना, पांढरा बोर्ड, एक शीट इतके रुपये आणि तेही कोपऱ्यात चेपलेलं, तेच इथे किलोवर. कतरण मला पंचवीस रुपये किलो पडते. काका घेतात त्याच्या निम्म्याने, मला माहितीये, त्यांनाही माहितीये की मला माहितीये. धंदा आहे. तीनशे जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला तीनशे ग्रॅम भरणाऱ्या कागदाचं, एक कार्ड दीड ग्रॅमच्या आत बसतं, म्हणजे किलोत सातशेच्या आसपास. पंचवीस रुपयांत सातशे भिंती.

पण मी पाच तारे देतोय ते भावासाठी नाही. काकांच्या बोटांसाठी. एकदा मी दोन गठ्ठ्यांतली कार्डं घेऊन विचारलं, यातलं कुठलं चांगलं, मला दोन्ही सारखीच दिसतायत. त्यांनी एक उचललं, कानाजवळ नेऊन अंगठ्याने कोपरा टिचकवला. टक्क. दुसरं टिचकवलं, त्याचा आवाज भद्द आला. "हे बोलतं," पहिलं माझ्या हातात देत म्हणाले, "याच्यात दम आहे. ते दुसरं पोकळ, वरून चकचकीत." मग पहिलं उभं वाकवलं, आडवं वाकवलं. एका बाजूने लगेच वाकलं, दुसऱ्या बाजूने हटून बसलं. ही कागदाची नस. मिलमध्ये कागद ज्या दिशेने धावतो त्याच दिशेला आतले तंतू ओळीने लागतात, त्यामुळे नसेच्या दिशेने घडी सरळ येते आणि नस तोडून घडी घातली की कड फुटते, पांढरे धागे वर येतात. ही गोष्ट मी इंग्रजी व्हिडिओंत चार वेळा ऐकली होती आणि चारही वेळा डोक्यावरून गेली होती. नोटा छापणाऱ्या गावात कागदाची पारख असायचीच असं मी म्हटलं तर काका म्हणाले, नोटेचा कागद वेगळा, तो माझ्याकडे येत नाही, आला असता तर मी इथे असतो का.

आता काय घ्यावं नि काय घेऊ नये ते सांगतो, कारण मी पैसे आणि ब्लेडं दोन्ही वाया घालवलीत.

लॅमिनेशन केलेली कार्डं दिसायला भारी पण फेविकॉल त्यावर धरतच नाही, सुकला की भिंत साल निघाल्यासारखी सुटते. वर प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो ना. पॉलिश पेपरने खरवडून घ्या, दोनशेवीस नंबर पुरतो, नाहीतर सरळ बिनलॅमिनेशनची निवडा. न फाटणारी प्लॅस्टिक कार्डं येतात हल्ली, ती तर घेऊच नका, दुमडली की परत सरळ होतात, आमच्या एका मॅनेजरसारखी. फेविकॉल बोटाने फासू नका, कार्डाचाच एक तुकडा घेऊन पातळ ओढा, कारण तो पाण्यातला आहे, एका बाजूने कार्ड ओलं झालं की दुसरी बाजू तशीच राहते आणि भिंतीचा पापड होतो. वर वजन ठेवून रात्रभर विसरा. मी आईचा वरवंटा वापरतो, दुसऱ्या दिवशी चटणीच्या वेळी शोधाशोध होते. घडी घालायच्या जागी संपलेल्या बॉलपेनने स्टीलच्या पट्टीला धरून रेघ दाबून घ्यायची, कापायची नाही, नुसती दाबायची. आणि कटरचं ब्लेड मोडायला कंजुषी करू नका, बोथट ब्लेडने पुठ्ठा कापत नाही, फाटतो, आणि जोर लावला की बोट कापतं. बोटाचं मी अनुभवाने बोलतोय, तीन टाके, ज्या डॉक्टरांना त्या दिवशी भेटायचं होतं त्यांनीच घातले.

औषधांचे आणि टूथपेस्टचे बॉक्स, काका त्याला डुप्लेक्स म्हणतात, एका बाजूने पांढरे आणि आतून करडे. ती करडी बाजू न रंगवता सिमेंट म्हणून चालते, सिडकोचं घर करायचं असेल तर रंगाचा खर्चच नाही. गोळ्यांच्या स्ट्रिपचं पारदर्शक प्लॅस्टिक खिडकीच्या काचेला आणि मागचं चंदेरी पान पत्र्याच्या शेडला. फेब्रुवारी-मार्चमध्ये जाल तर द्राक्षांच्या पेट्यांचा ढीग असतो, माल भरताना फाटलेल्या, छपाई चुकलेल्या. तो पुठ्ठा फार मजबूत असतो, थंडीत, ओलाव्यात, एकावर एक थप्पी लावून टिकायला बनवलेला, त्याचं जोतं करा, हलणार नाही. अंड्यांचे ट्रे काका घेत नाहीत पण बाजूच्या गल्लीतल्या अंडेवाल्याकडे फुकट मिळतात. त्याचे नखाएवढे तुकडे फाडून चिकटवले, वर काळ्यात थोडा करडा मिसळून फिरवला की हुबेहूब आपला काळा दगड. काळारामाच्या देवळाचा दगड बघून रंग मिसळला मी, दोन रविवार नुसता उभा राहून बघत होतो, पुजाऱ्यांना वाटलं नवस आहे.

आणि छप्पर. कौलांसाठी मी सहा महिने डोकं फोडलं. पन्हळी पुठ्ठ्याच्या आत जी नागमोडी नळी असते तीच कौलं, फक्त वरचा कागद सोलायला हवा. कोरडा सोलला तर लचके निघतात. काकांनी सांगितलं, ओल्या फडक्याने पुसा, दहा मिनिटं थांबा, मग ओढा. निघालं की, अख्खं सालपट एका दमात. कारण ते कागद एकमेकांना स्टार्चच्या खळीने चिकटवलेले असतात, पाणी लागलं की खळ सुटते. फ्रिजच्या खोक्याची नळी फार मोठी, ती कौलं भुतांच्या घराला शोभतील. मिक्सर, इस्त्री, चार्जरच्या खोक्याची बारीक नळी घ्या. पिझ्झाचं खोकंही बारीक नळीचं असतं पण तेलकट, त्यावर रंग धरत नाही आणि रद्दीतही ते कुणी घेत नाही. काका पिझ्झाचं खोकं लांबूनच ओळखून परत करतात, वास घ्यायचीही गरज पडत नाही त्यांना.

खळ म्हटलं की दुसरी बाजूही आलीच. ज्या खळीमुळे सोलणं सोपं, तीच झुरळांना आणि कसरीला आवडते. मी पहिल्या महिन्यात घरी आणलेल्या गठ्ठ्यातून जे बाहेर पडलं त्यावरून घरात जे झालं ते लिहीत नाही. आता आणलं की दोन दिवस गच्चीवर कडक उन्हात, उलटंपालटं करून, मगच खाली. पावसाळ्यात ऊन नसतं त्यामुळे पावसाळ्यात खरेदी बंद. तशीही तिथे पावसाळ्यात मजा नाही. जोराचा पाऊस झाला की दहीपुलाला पाणी साचतं हे नाशिककरांना सांगायला नको, आणि वरून गंगापूर धरणातून सोडलं की आपण सगळे गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलं ते विचारत बसतो. काकांच्या भिंतीवर मार्करने दोन रेघा आहेत, २००८ आणि २०१९. २००८ ची माझ्या छातीएवढी आहे. त्या वर्षी अख्खं दुकान लगदा झालं म्हणाले, लगदाच शब्द वापरला, कागदवाल्याचा शब्द. आता खालचे गठ्ठे लाकडी पॅलेटवर असतात आणि चांगली कतरण वरच्या माळ्यावर. जूननंतर शिडी लावून वर चढायला लागतं आणि शिडीची तिसरी पायरी नाही.

तक्रारी लिहितो, नाहीतर म्हणाल काकांनी पैसे दिले. किलोच्या खाली देत नाहीत. मला चाळीस कार्डं हवी असतात, घ्यावा लागतो किलो. गठ्ठा सोडून निवडू देतात पण निवडलेलं बाजूला ठेवून दोन मिनिटं फोनवर बोललात तर तो ढीग दुसऱ्या पोत्यात गेलेला असतो, माझ्या दोन तासांच्या मेहनतीचे असे दोनदा बारा वाजलेत. वेळ लिहिलेली नाही, दुपारी दीड ते चार बंद, सोमवारी कधी उघडं कधी नाही. क्यूआर कोड लावलाय पण त्याच्यासमोर गठ्ठे असतात. गाडी घेऊन जाऊच नका, नदीकाठी पटांगणात लावा आणि चालत या, गल्लीत दुचाकी वळवताना मी एकदा तांब्याच्या हंड्यांची उतरंड पाडता पाडता राहिलोय. स्टेपलरच्या पिनांकडे लक्ष ठेवा.

एक गोष्ट मात्र तक्रार म्हणून नाही, सगळ्यांसाठी सांगतो. त्या गठ्ठ्यांत काय काय असतं बघाल तर हादराल. आधारच्या झेरॉक्स, बँकेची स्टेटमेंट, रिपोर्ट. रद्दी देताना असले कागद फाडून द्या राव. कार्डांवर लोकांचे नंबर असतात म्हणून मी छापील बाजू कायम आतल्या बाजूला घेतो, माझ्या वाड्याच्या भिंतींच्या आत निम्म्या नाशिकचे वकील, सीए आणि केटरर गाडले गेलेत.

हां, वाडा. तो सांगितल्याशिवाय मालाचा दर्जा कळणार नाही.

आईचं माहेर जुन्या नाशकात. वाडा होता, पाडला, आता तिथे खाली पार्किंग आणि वर तीन मजले. सहा फोटो उरलेत, त्यातले चार मामाच्या मुंजीचे, म्हणजे फोटोत वाडा कमी आणि माणसं जास्त, खांब दिसतोय म्हणावं तर समोर कुणीतरी मावशी उभी. स्केल मी १:१०० धरली, कारण हिशोबाला सोपी, एक सेंटिमीटर म्हणजे एक मीटर, माणूस म्हणजे तांदळाचे दोन दाणे एकावर एक. मोजमाप कुठून आणायचं म्हणून आईला विचारलं किती रुंद होता गं. मीटर-फूट तिला सांगता येईना. म्हणाली, "पाच खणी." खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, सहा फुटांच्या आत-बाहेर धरलं तर पाच खण तीस फूट, म्हणजे नऊ मीटर, म्हणजे माझ्या स्केलला नऊ सेंटिमीटर. टेबलावर कार्ड पडलं होतं. पट्टी लावली. ८९ मिलिमीटर. आईचं अख्खं माहेर एका व्हिजिटिंग कार्डाच्या लांबीत बसत होतं. तेही माझ्या दुसऱ्या कंपनीच्या, जिने मला डिसेंबरमध्ये काढलं होतं.

भिंती दोन फुटी होत्या, म्हणजे सहा मिलिमीटर. पाच पदरी पुठ्ठा जवळपास तेवढाच भरतो, दोन्ही अंगांनी कार्ड चिकटवलं की झाली मातीची भिंत. त्यात कोनाडे कोरायचे तर आतला कागद चौकोनी कापून नळ्या टोकदार चिमट्याने उपसायच्या, चार मिलिमीटरचा कोनाडा, एका संध्याकाळी दोन होतात. आईला एकूण अकरा आठवले. खांबांना काड्यापेटीच्या काड्या, गुल काढून. खिडक्यांच्या गजांना उदबत्तीच्या काड्या, उभ्या चिरलेल्या. चौकात मोरी, मोरीजवळ तुळस, तुळशीला खरी वाळलेली मंजिरी, कारण इथे एकाच गोष्टीला स्केल लागू होत नाही असं आई म्हणाली.

सगळं जमलं आणि मी जिन्यावर माती खाल्ली. जिना मला फार आवडला होता, त्याचं कारण असं की दहा कार्डांची चळत मोजली तर साडेतीन मिलिमीटर भरते, म्हणजे पाच कार्डं पावणेदोन मिलिमीटर, म्हणजे खऱ्यात साडेसतरा सेंटिमीटर, म्हणजे बरोबर एक पायरी! पाच पाच कार्डांच्या पट्ट्या चिकटवत, प्रत्येक वेळी थोडं मागे घेत सतरा पायऱ्या केल्या, तीन मीटर चढले, कड न् कड सरळ. पंचाऐंशी पट्ट्या. काकांची बोलणारी कार्डं वापरली होती त्यासाठी, एकही कड फुटली नाही. सुकला तसा रात्रीच आईला दाखवला. तिने चष्मा वर केला, जवळ घेतला, बोटाने नाही तर नखाने पायऱ्या मोजल्या. मला वाटलं रडते की काय.

"हा आमचा जिना नाही."

"का गं?"

"याच्यावरून कोणी पडणारच नाही. आमच्या जिन्यावरून सगळे पडलेत. मी पडले, ताई दोनदा पडली, आप्पा तर तांब्या घेऊन पडले." मग हाताने दाखवलं, पायरी गुडघ्याला यायची लहानपणी, आणि पाय ठेवायला निम्मी जागा, वर चढताना दोर धरायचा. दोर होता का? होता. कशाचा? "नाड्याचा. नाडा म्हणजे विहिरीचा, जाड." हे तीस वर्षांत कधी बोलली नव्हती.

तर जिना उचकटला. आता सात कार्डांची एक पायरी, म्हणजे खऱ्यात साडेचोवीस सेंटिमीटर, बारा पायऱ्या. कार्डं चौऱ्याऐंशी लागली, उंची तीच ना, एकच वाचलं. दोरासाठी गठ्ठा बांधायची सुतळी सोडून तिचा एक पदर घेतला. परवा काकांकडे वाड्याचा फोटो घेऊन गेलो, मोबाईल लांब धरून बघितला त्यांनी, झूम केला, छपराकडे गेले, कौलं बघून मान हलवली आणि म्हणाले, "मिक्सरचं खोकं." मग जिन्याकडे बघून, "हा फार उभा झालाय, डॉक्टर. माणूस पडेल."

तारे पाच. शिडीची पायरी बसवेपर्यंत साडेचार.